उंच इमारतींच्या सावलीत सोनटक्का

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर एक प्रश्न आता दर महिन्याला असतोच. "आमच्याकडे ऊन येत नाही. फुलझाड कोणते लावू?" विचारणाऱ्या बहुतेक भगिनी तळमजल्यावर नाहीतर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या. कुणी मुंब्र्याच्या, कुणी मीरा रोडच्या, आणि आमच्या नेरूळच्या तर पुष्कळच. आजवर आम्ही दोन ओळींत उत्तर देत आलो. या वेळी सविस्तर लिहीत आहोत, कारण नेरूळमध्ये हा प्रश्न आता नुसत्या हौसेचा राहिलेला नाही.

नेरूळच्या जुन्या सेक्टरांत सिडकोच्या काळातल्या तीन-चार मजली इमारती अजून उभ्या आहेत. दोन इमारतींच्या मध्ये बोळवजा मोकळी जागा, तिच्यात सांडपाण्याची चेंबरे, पाण्याचे पाइप, आणि भिंतीलगत तीन-चार फूट रुंदीची मातीची पट्टी. लोकल नेरूळपर्यंत आली ती १९९३ साली. त्याच्या मागे-पुढे इथे राहायला आलेल्या कुटुंबांत रायगड-रत्नागिरीकडची मंडळी बरीच होती, आम्हीही त्यांतलेच. गावाकडचे परसदार सुटले, पण हात स्वस्थ बसेनात. त्या पट्टीत कुणी मोगरा लावला, कुणी गुलाब, कुणी मेंदी, कुणी कढीपत्ता. शेजारच्या काकूंनी तुळस आणि जास्वंद लावली. पहिली दहा-पंधरा वर्षे फुलांना काही कमी नव्हते.

पुढे आंब्या-फणसाची झाडे छपराच्या वर गेली, आणि मग आजूबाजूला टॉवर उभे राहू लागले. मोगऱ्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन लागते. सावलीत तो वेलासारखा लांबत जातो, पाने हिरवीगार राहतात, कळी मात्र धरत नाही. गुलाबाचे तर नावच नको. फूल येईना म्हणून घरच्यांचे लक्ष उडाले, लक्ष उडाले म्हणून वरच्या मजल्यांवरून कचरा पडू लागला, कचरा दिसू लागला म्हणून सोसायटीच्या सभेत ठराव आला की पेव्हर ब्लॉक टाका, दोन-तीन दुचाक्या उभ्या राहतील. आमच्या ओळखीच्या निदान चार सोसायट्यांत हे याच क्रमाने घडले आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की ती पट्टी वाचवायची असेल तर तिच्यात फूल दिसले पाहिजे. नुसत्या हिरव्या पानांसाठी कुणी भांडत नाही.

त्या पट्टीसाठी आमचे उत्तर सोनटक्का आहे.

कोकणातल्या वाचकांना हे झाड सांगायची गरज नाही. न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ आणि सोनटक्का, हे तिकडच्या परसाचे ठरलेले सामान. पण शहरात वाढलेल्या मुलींनी फूल पाहिलेले असते, झाड पाहिलेले नसते, म्हणून थोडे वर्णन करतो. जमिनीखाली आल्यासारखा गड्डा, त्यातून चार ते सहा फूट उंच सरळ दांडे, दांड्यावर दोन्ही बाजूंना लांब टोकदार पाने, आणि शेंड्यावर हिरव्या खवल्यांचा कणसासारखा तुरा. त्या खवल्यांतून पांढरीशुभ्र फुले बाहेर पडतात. फूल फुलपाखरासारखे. क्यूबा देशात याला 'मारिपोसा' म्हणतात, त्याचा अर्थच फुलपाखरू. गंमत म्हणजे हे मूळचे आशियातले झाड क्यूबाचे राष्ट्रीय फूल आहे.

हे आले आणि हळदीच्या घराण्यातले झाड. कुरआन शरीफात सूरह अद्-दहरमध्ये जन्नतच्या पेयासोबत ज्या जंजबीलचा उल्लेख येतो ते आले, आणि सोनटक्का त्याचा चुलतभाऊ. चुलतभाऊ म्हणून चहात टाकायला जाऊ नका, स्वयंपाकातले आले वेगळे. शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनेरियम. हे नाव १७८३ साली योहान कोनिग या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. हा लिनियसचा शिष्य तमिळ मुलखात तरंगमबाडीला आला आणि काही वर्षे अर्काटच्या नवाबांच्या पदरी राहून त्याने तिकडची झाडे पाहिली, नोंदली. हेडिकियमचा अर्थ गोड बर्फ आणि कोरोनेरियम म्हणजे माळेत घालण्याजोगे. नाव देणाऱ्याने फुलाचा वास नक्कीच घेतला असणार.

फुलाची रचना मुलांना दाखवण्यासारखी आहे. ज्या मोठ्या पांढऱ्या पाकळ्या दिसतात त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. ते रूप बदललेले पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या त्यांच्या मागे अरुंद फितींसारख्या लोंबत असतात. फुलाखाली लांबच लांब बारीक नळी असते आणि मध तिच्या तळाशी. मधमाशीची जीभ तिथवर पोहोचत नाही. पोहोचते ती संध्याकाळी उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगाची. म्हणून फूल उमलते संध्याकाळी, वास सुटतो संध्याकाळी, आणि रंग पांढरा, अंधारात दिसेल असा. मगरिबच्या सुमारास अंगणात गेलात तर एका जागी स्थिर उडत फुलात सोंड घालणारा पतंग दिसेल. लहान मुले त्याला हमखास छोटा पक्षी समजतात.

आता सावलीबद्दल. सावली मोजणे आपल्या घरांना नवे नाही. जोहरची वेळ कुठे संपते आणि असर कुठे सुरू होते, हे वस्तूच्या सावलीच्या लांबीवरूनच ठरते. आज वेळापत्रक भिंतीवर असते, मोबाइलमध्ये असते, त्यामुळे सावलीकडे कुणी पाहत नाही. झाड लावणाऱ्याने मात्र पाहायला हवे, आणि वर्षातून एकदा नव्हे, निदान तीनदा. कारण नेरूळच्या आकाशात सूर्य वर्षभर एका वाटेने जात नाही.

डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्या वेळी दुपारची सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास नऊ दशांश असते. १२ मीटर उंचीच्या चार मजली इमारतीची सावली उत्तरेला सुमारे ११ मीटर पडते, आणि ९० मीटरच्या टॉवरची ८० मीटरहून थोडी जास्त. म्हणजे दक्षिणेला टॉवर असलेल्या जुन्या इमारतीचा बोळ हिवाळाभर सावलीत जातो. लोक हिवाळ्यात बोळ पाहतात आणि म्हणतात, इथे काही होणार नाही.

पण मेच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. मुंबई परिसरात त्या सुमारास एक दिवस असा असतो की उभ्या काठीची दुपारची सावली तिच्या पायाशीच लपते. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येतो आणि मग दक्षिणेला सरकतो. म्हणजे मे ते ऑगस्ट हे महिने असे की दोन उंच भिंतींमधल्या अरुंद बोळातही दुपारी वरून उजेड उतरतो. जून लागला की ढग येतात आणि तो उजेड मऊ होऊन चहूकडे पसरतो.

सोनटक्क्याचे वर्ष बरोबर याच हिशेबाने चालते. मेमध्ये त्याचे डोळे फुटतात, पावसात तो माणसाएवढा वाढतो, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, कधी नोव्हेंबरपर्यंत फुलतो आणि थंडीत सुस्तावतो. टॉवरची सावली जेव्हा सर्वांत लांब असते तेव्हा झाडालाच उजेडाची फारशी गरज नसते. मोगऱ्याचा बहर वसंत-उन्हाळ्याचा, त्याच्या तयारीच्या दिवसांतच सावली आडवी येते. इतका साधा फरक आहे, आणि या फरकावरच आमचा सोनटक्क्याचा आग्रह उभा आहे.

तरीही सावली आणि अंधार यांत गल्लत करू नका. जिन्याखाली किंवा तिन्ही बाजूंनी बंद असलेल्या डक्टमध्ये सोनटक्का लावलात तर पानांशिवाय काही मिळणार नाही. एक साधी परीक्षा सांगतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एक वीतभर उंचीवर हात धरा. हाताची पुसट का होईना सावली दिसली तर जागा चालेल. काहीच दिसले नाही तर तिथे फर्न लावा आणि समाधान माना. सावली अगदी रेखीव, काळीभोर दिसली तर उलट अडचण. तिथे मेमधल्या दुपारी पानांची टोके करपतील. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि दुपारी आडोसा, ही सर्वांत उत्तम जागा.

लावणी मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसानंतर. गड्ड्याचा चार बोटे लांबीचा, दोन-तीन डोळे असलेला तुकडा घ्या. कापलेल्या बाजूला चुलीची राख किंवा हळद चोळा आणि दिवसभर सावलीत सुकू द्या. मग डोळे वरच्या बाजूला ठेवून दोन-तीन इंच खोल आडवा पुरा. दोन तुकड्यांत दीड-दोन फूट अंतर. भिंतीपासून दीड फूट आणि चेंबरच्या झाकणापासून दोन फूट लांब राहा, म्हणजे चेंबर उघडायला आलेल्या माणसाची कुदळ झाडावर पडणार नाही.

नेरूळच्या मातीबद्दल मात्र तक्रार करावी तेवढी थोडी. खाडीकाठचा बराच भाग भरावाचा, वर मुरूम, खाली डबर, आणि इमारत बांधताना उरलेल्या विटा-सिमेंटचे तुकडे फुकट. अशा जागी फूटभर खोल, हातभर रुंद खड्डा घेऊन निघालेले डबर बाहेर टाका. आत चांगली माती आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत निम्मे-निम्मे भरा. सोनटक्का खादाड झाड आहे. पावसाळ्यात दर महिन्याला दोन ओंजळी खत बुंध्याशी घाला. चहाचा चोथा घालायचा तर साखर धुऊन काढून, नाहीतर मुंग्यांना दावत.

पाण्याच्या बाबतीत हे झाड आपल्या घरांना अगदी सोयीचे. पाऊस थांबला की त्याला पाणी लागते, आणि वुजूचे पाणी रोज पाच वेळा गटारात जाते. बेसिनखालचा पाइप बादलीत सोडला किंवा वुजूला बसताना खाली टब ठेवला तर चार माणसांच्या घरात दिवसाला दोन-तीन बादल्या सहज जमतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते. मासळी धुतलेले पाणीही उत्तम, कोकणात ते झाडालाच जाते, फक्त इथे इमारतीतली मांजरे आधी हजेरी लावतात. मिठाचे आणि साबणाचे पाणी नको. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी निम्म्याने कमी करा.

एक दांडा एकदाच फुलतो. तुरा संपला आणि पाने पिवळी पडू लागली की तो जमिनीलगत कापून टाका. पुष्कळांना जीव होत नाही, हिरवे झाड कसे कापायचे म्हणून ते तसेच ठेवतात. मग गचपण होते, हवा खेळत नाही आणि नव्या कोंबांना जागा राहत नाही. कापलेल्या दांड्याचे तुकडे करून तिथेच बुंध्याशी पसरा.

रोग-किडीचा त्रास कमीच. पावसात मोठ्या गोगलगायी कोवळे कोंब खातात, त्यांना रात्री टॉर्च घेऊन वेचावे लागते, दुसरा उपाय नाही. कधी पानाची कड गुंडाळून नळी झालेली दिसेल. आत एका फुलपाखराची अळी असते, हळद-आल्याच्या कुळावरच तिचे पोट. दोन-चार पाने खाऊन ती निघून जाते. औषध मारू नका. नव्या पालवीची पाने करपल्यासारखी आणि खालून जाळीदार दिसली तर तो उन्हाळ्यातला लाल कोळी, त्यावर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन दिवस पुरतो.

माती नसेल आणि गॅलरीच असेल, तर वीस लिटरची रंगाची बादली किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्या. तळाला पाच-सहा भोके पाडा. आठ-दहा इंचाच्या कुंडीत सोनटक्का जगतो, पण फुलत नाही. उंच मजल्यावर वारा दांडे मोडतो, म्हणून ग्रिलला सैल सुतळीने बांधा. दोन वर्षांनी बादली गड्ड्यांनी गच्च भरते आणि फुले कमी होतात, तेव्हा उपसून वाटणी करावी लागते.

नर्सरीत जाताना एक सावधगिरी. सोनटक्का मागितला तर कधी कधी कर्दळ गळ्यात पडते. कर्दळीची पाने रुंद, केळीसारखी, फुले लाल-पिवळी आणि वास नाही. तिला भरपूर ऊन लागते. शक्य असेल तर विकत घेऊच नका. ज्याच्या घरी सोनटक्का आहे त्याच्याकडे दर दोन वर्षांनी गड्डे जास्तच होतात. त्याच जागेला चालणारे दुसरे देशी झाड म्हणजे पेव. पावसाळ्यात कोकणच्या डोंगरउतारावर नागमोडी वळलेला दांडा, लालसर कणीस आणि कागदासारखे पांढरे फूल दिसते, ते हेच. दिसायला फार सुंदर, वासात मात्र सोनटक्क्याची सर नाही.

फुले काढायची ती असरनंतर, फुगलेल्या पण न उमललेल्या कळ्या. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या की मगरिबपर्यंत हातात उमलतात. दादरच्या फुलबाजारात आणि स्टेशनबाहेरही सोनटक्का कळ्यांच्याच रूपात येतो, कारण उमललेल्या फुलाला बोट लागले की तिथे तपकिरी डाग पडतो. त्यामुळे याचा गजरा जमत नाही. एखाद-दुसरे फूल केसांत खोवावे किंवा काचेच्या वाडग्यात पाण्यावर सोडावे. दुसऱ्या दिवशी फूल मान टाकते, तोवर तुऱ्यात नवे तयार असते.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. उत्तर भारतात या फुलाला गुलबकावली म्हणतात. नाव दास्तानीतले आहे. एका बादशहाची दृष्टी जाते, धाकटा शहजादा ताजुल मुलूक परी बकावलीच्या बागेतून फूल आणतो आणि बापाचे डोळे पुन्हा पाहू लागतात. उर्दूत पंडित दयाशंकर नसीम यांच्या 'गुलजार-ए-नसीम' या मसनवीने ही कथा घरोघरी नेली. कथा गोड आहे, आमच्या दादीने आम्हाला ती कितीदा सांगितली. पण त्या नावाच्या जोरावर फुलांचा अर्क डोळ्यांसाठी म्हणून विकला जातो, आणि मोतीबिंदू झालेल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत घरी काढलेला रस घातल्याचे आमच्या कानावर आले आहे. असे कदापि करू नका. मोतीबिंदू कोणत्याही फुलाच्या रसाने उतरत नाही. त्याला शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि आज ती थोड्या वेळात होते. घरी काढलेल्या रसात जंतू असतात आणि जंतुसंसर्गाने असलेली नजरही जाऊ शकते. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्या उशाशी संध्याकाळी चार फुले ठेवा. आमच्या दादीला शेवटच्या वर्षांत माणसे नीट ओळखू येत नव्हती, पण फुले खोलीत आली की ती विचारायची, "आज किती उमलली?"

आता सोसायटीच्या सभेसाठी. तिथे तीन आक्षेप हमखास येतात. पहिला मच्छरांचा. डेंग्यूचा मच्छर झाडात नव्हे, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून मच्छर व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. कुंडीखालच्या थाळ्या काढून टाका, बादल्या-पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करा, आणि महापालिकेचा माणूस तपासणीला आला की त्याला आनंदाने दाखवा. दुसरा आक्षेप, मुळे भिंतीत जातील. वड-पिंपळाची जातात, त्यांची रोपे दिसताच उपटा. सोनटक्क्याचा गड्डा वीतभर खोलीतच आडवा पसरतो. तिसरा आक्षेप पार्किंगचा, आणि तो खरा आहे, त्याला उत्तर सोपे नाही. एवढेच म्हणा की जुलैमध्ये मागच्या बोळात पाणी तुंबते ते मुरायला जागा नाही म्हणून, आणि ही तीन फुटांची माती फरशीखाली गेली तर ते पाणी तळमजल्याच्या उंबऱ्याशी येईल. तळमजल्यावाल्यांनी हे बोलायला लाजू नये. वरच्या मजल्यांना ते पाणी दिसत नाही.

पसरण्यावरून आमच्याकडूनही एक ताकीद. उपसलेले जादा गड्डे नाल्याकाठी, होल्डिंग पॉन्डजवळ किंवा पारसिकच्या डोंगरावरच्या ओढ्यात टाकू नका. हवाई बेटांवर, ब्राझीलमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत हेच झाड बागेतून ओढ्यांत उतरले आणि तिथल्या मूळच्या झाडांना त्याने जागा ठेवली नाही. गड्ड्याचा बोटभर तुकडाही रुजतो. नको असलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवून मगच टाका.

शेवटचा मुद्दा पुनर्विकासाचा, कारण नेरूळच्या पत्रांत तोच जास्त असतो. आज ना उद्या इमारत पाडायची आहे, मग झाड कशाला लावायचे? एका भगिनीने लिहिले आहे की बिल्डरचा करार झाल्यापासून सासूबाईंनी अंगणात पाऊल ठेवणेच सोडले. तीस वर्षांचा आंबा उचलून नेता येत नाही हे खरे. त्याचे दुःख आम्ही हलके करू शकत नाही. पण सोनटक्का हा सामानात बांधता येणारा बगीचा आहे. घर रिकामे करण्याची तारीख कळली की त्याच्या आठवडाभर आधी दांडे हातभर ठेवून कापा. गड्डा चारी बाजूंनी खणून अख्खा उचला, माती झटका, डोळे मोडू देऊ नका. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवला तर दोन-तीन आठवडे टिकतो. भाड्याच्या घरात पोहोचलात की बादलीत लावा. हलवाहलव पावसाळ्यात झाली तर त्या वर्षीचे फूल जाईल, हिवाळ्यात झाली तर झाडाला पत्ताही लागणार नाही. नव्या इमारतीला तीन वर्षे लागोत की पाच, बादलीत दर दोन वर्षांनी वाटणी करत तो सांभाळता येतो. आणि नव्या इमारतीत तळमजल्याला घरे नसतील, पोडियमवर बाग असेल, तर नकाशे मंजूर होण्याआधीच विचारून ठेवा की तिथे माती किती खोल टाकणार. दीड फूट पुरे. फरशीवर ठेवलेल्या शोभेच्या कुंड्यांवर समाधान मानू नका.

पण सगळे गड्डे स्वतःजवळ ठेवू नका. भाड्याचे घर कसे मिळेल, गॅलरी असेल की नाही, कुणास ठाऊक. बहिणीकडे, नणंदेकडे, गावच्या घरी, समोरच्या इमारतीतल्या काकूंकडे एकेक तुकडा आधीच देऊन ठेवा. आमच्या इमारतीची तारीख अजून ठरलेली नाही, तरी गेल्या मेमध्ये आम्ही गड्डा उपसून अकरा तुकडे केले. तीन परत जमिनीत गेले, दोन बादलीत, एक श्रीवर्धनला फुफीच्या विहिरीकाठी, बाकीचे इथेच पाच घरांत. त्यांतल्या दोघींकडे ऑक्टोबरात फूल आले, उरलेल्यांकडे पुढच्या पावसात यावे. पहिल्या वर्षी दांडे वाढले आणि फूल आले नाही तर घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला उकरून पाहू नका.

यंदाही मेच्या तिसऱ्या आठवड्यात बादल्या उपसणार आहोत. नेरूळ-सीवूड्स परिसरातल्या ज्या वाचक भगिनींना तुकडा हवा असेल त्यांनी त्याआधी सदराच्या पत्त्यावर चिठ्ठी टाकावी. येताना ओले फडके आणि पिशवी आणावी, आणि आपल्या बोळात उजेड कुठल्या बाजूने येतो ते पाहून यावे.